खुळखुळेवाल्यांचा शेकर

मला पाहून निम्मे लोक थर्मास समजतात आणि उरलेले फुलदाणी. एकदा घरी आलेल्या प्लंबरनं तर मला उचलून, "हा नळाचा कुठला भाग?" असं विचारलं होतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी शेकर आहे. अंगानं स्टीलचा, खाली उंच पेला, वर गाळणी आणि डोक्यावर टोपीसारखं झाकण. माझ्या पोटात बर्फ, लिंबाचा रस, पाक आणि जिन घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि हलवायचं. आता माझं वय झालंय. झाकणातून गळतो, कमरेला एक पोचा आहे. पण या उन्हाळ्यात माझ्या पोटात एक गोष्ट घडली आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जन्म माझा कारखान्यातला. मी आधी पत्र्याची गोल चकती होतो, मग यंत्राखाली दबून उभा झालो. त्यातलं आता आवाजाखेरीज काही आठवत नाही. आयुष्य खरं सुरू झालं ते समुद्रकाठच्या एका लहानशा गावात, हार्डवेअरच्या दुकानात. रंगाचे डबे, दोरखंड आणि मासे पकडायचे गळ यांच्यामध्ये मी तीन वर्षं धूळ खात पडलो होतो. दुकानदाराला मी कोण ते माहीतच नव्हतं. "दुधाचा डबा आहे, प्रवासात सांडत नाही," असं तो गिऱ्हाइकांना बेधडक ठोकून द्यायचा. गिऱ्हाइकं मला हलवून बघायची आणि परत ठेवायची.

एका दुपारी एक नवं जोडपं दुकानात आलं. नवरा कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचा, बायको टपाल कचेरीत काउंटरवर बसायची. लग्नानंतरची पहिलीच सुट्टी होती त्यांची. नवऱ्यानं मला हातात घेतलं, झाकण उघडून वास घेतला आणि हळूच म्हणाला, "अगं, हा शेकर आहे."

"घरात दोन ग्लास एकसारखे नाहीत आणि तुम्ही शेकर घेताय?" बायको म्हणाली. पण हसत म्हणाली, त्यामुळे मी विकला गेलो.

पुढे त्या दोघांना घरात आई आणि बाबा म्हणू लागले. मीही तेच म्हणतो. मला बोलवायला कुठे लागतं कुणाला, पण मनात काहीतरी म्हणावं लागतंच.

बाबांसारखा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. लिंबाचा रससुद्धा ते काचेच्या मोजपात्रात ओतायचे आणि डोळा पातळीला आणायला ओट्यासमोर गुडघे टेकून बसायचे. जिन इतकी, लिंबू इतकं, साखरेचा पाक इतका, काकडीच्या चार चकत्या, पुदिन्याची सहा पानं, बर्फाचे आठ खडे. मग पंधरा वेळा हलवायचं, मनात मोजून. सगळं एका निळ्या वहीत लिहिलेलं. आई म्हणायची, "यांनी मलासुद्धा मोजून घेतलं असणार."

दर उन्हाळ्यात त्याच गावात, त्याच खोलीत आमचा पंधरा दिवस मुक्काम असायचा. खोली बेकरीच्या वर होती. चौदा पायऱ्या, त्या संपतात तिथेच छोटी गॅलरी, गॅलरीतून समुद्राचा हातभर तुकडा. घरमालकीण म्हणजे बेकरीवाल्या मावशी. त्या पहाटे पीठ मळायला उठायच्या म्हणून संध्याकाळी सहालाच झोपायच्या. पहिल्या संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत हलवायला घेतलं. स्टीलच्या पोटात बर्फाचे आठ खडे, कल्पना करा. चौथ्या हिसक्याला खालचं दार उघडलं आणि मावशी केस मोकळे सोडून जिन्यात उभ्या राहिल्या.

"काय कुटताय एवढं?"

बाबा इतके दचकले की मी हातातून सुटलो आणि सहा पायऱ्या खाली गेलो. माझ्या कमरेचा पोचा तेव्हाचा.

"मावशी, सरबत करतोय."

"सरबताला असा आवाज होतो? करायचं तर लांब जाऊन करा. धक्क्यावर जा."

बाबा आज्ञाधारक. दुसऱ्या दिवसापासून सगळं माझ्यात भरायचं, झाकणाला रुमाल बांधायचा, पायऱ्या उतरेपर्यंत मला बाळासारखं छातीशी धरायचं आणि मग गल्लीतून धक्क्याकडे निघायचं, असा त्यांचा परिपाठ झाला. न्हाव्याचं दुकान, जाळी दुरुस्त करणारे दोघे भाऊ, मग होड्या, मग धक्का. धक्क्याच्या टोकाला होड्या बांधायचा लोखंडी खांब होता. तिथं उभं राहून बाबा पंधरा मोजायचे, खांबाला हात लावायचे आणि परत फिरायचे. वाटेत मला हातात झुलवत यायचे. जाताना माझ्या पोटात खडखडाट असायचा, येईपर्यंत बारीक खुळखुळ उरायची. गावातली मुलं त्यांना खुळखुळेवाले म्हणू लागली. न्हावी ओरडून विचारायचा, "काय खुळखुळेवाले, झालं का तयार?" बाबांचा अंगठा नेमका पोच्यात बसायचा. इतका की पोचा त्यांच्याच मापानं पडला असावा असं मला वाटायचं.

वर गॅलरीत आई पाय कठड्यावर टाकून वाट बघत असायची. पहिला घोट घेऊन ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "आता सुट्टी सुरू झाली." लेक झाल्यावर तिच्यासाठी जिनशिवायचं वेगळं व्हायचं. तिनं पण डोळे मिटायचे, आईचं बघून. मी मग टेबलावर घाम गाळत उभा असायचो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले क्षण तेच, यात मला तरी शंका नाही.

घरी परतल्यावर मात्र घोळ व्हायचा. तीच वही, तेच मोजपात्र, तोच मी, आणि चव वेगळी. आई एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवायची.

"छान आहे."

आईचं 'छान आहे' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं, बाबांच्या डोक्यात किडा शिरला. वहीत नवं पान उघडलं, वर लिहिलं, 'प्रयोग क्रमांक एक'. लिंबं बदलली. साखर बदलली. त्या गावाहून एका कॅनमधून पाणी आणलं आणि घरी त्याचा बर्फ केला. पंखा लावून, खिडक्या उघडून, एकदा तर पाण्यात पाय सोडून पिऊन पाहिलं. प्रत्येक प्रयोगाखाली 'निष्कर्ष' असा शब्द आणि त्यापुढे एकच वाक्य, 'तशी नाही.' शेवटी पाहुण्यांना सांगायचे, "समुद्राची हवाच लागते त्याला." पण ते त्यांना पटलेलं नसायचं, कारण हवा मोजता येत नव्हती.

मला माहीत होतं. मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं हो. बर्फ माझ्याच पोटात वितळायचा, मला नाही कळणार तर कुणाला? घरी पंधरा वेळा हलवलं की खडे जवळजवळ होते तसेच राहायचे. गावात धक्क्यापर्यंत जाऊन येईतो ते वाटाण्याएवढे व्हायचे. त्या चवीत बाकी काही नव्हतं, पाणी होतं. थंडगार, हळूहळू सुटलेलं पाणी. बाबा फक्त खांबापाशी उभं राहून हलवलेले पंधरा हिसके मोजायचे. चालणं त्यांच्या लेखी चालणं होतं, ते वहीत कुठून येणार? थेंब थेंब मोजणाऱ्या माणसाच्या नजरेतून अख्खी फेरी सुटली. पुढे मावशी थकल्या, बेकरी त्यांच्या भाचीनं घेतली, संध्याकाळी आवाज करायला कुणाची मनाई उरली नाही. तरी बाबा सवयीनं धक्क्यावर जातच राहिले, आणि कोडं तसंच राहिलं. मला तोंड आहे, पण ओतण्यापुरतं.

एकतीस उन्हाळे असे गेले. बत्तिसाव्याच्या आधी बाबा गेले. हिवाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. वहीतलं शेवटचं पान मी पाहिलं आहे. 'प्रयोग क्रमांक एकोणीस. निष्कर्ष.' पुढे कोरं.

त्या उन्हाळ्यात लेकीनं वही उघडून आईसाठी तेच पेय केलं. अगदी बाबांसारखं, गुडघे टेकून, डोळा पातळीला आणून. पंधरा वेळा हलवलं. आईनं घोट घेतला.

"छान आहे गं."

लेक तोंड फिरवून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

त्यानंतर माझी रवानगी कपाटावर. आईनं माझ्यात क्रोशाच्या सुया ठेवल्या. सुयांबद्दल माझी तक्रार नाही, गरीब असतात बिचाऱ्या. पण कोरडं राहायची मला सवय नव्हती. मध्ये जावई आले आणि त्यांनी काचेचा नवा शेकर आणला, अंगावर मापांच्या रेघा असलेला. मला बघून म्हणाले, "हा गळका कशाला ठेवलाय अजून?"

"सुयांना लागतो," आई म्हणाली. तेवढ्यावर मी वाचलो.

चार वर्षांनी, म्हणजे या उन्हाळ्यात, आईनं जेवताना विषय काढला. "मला एकदा त्या गॅलरीत बसायचंय. गुडघे अजून चौदा पायऱ्या चढतायत तोवर. आणि तुझ्या बाबांच्या हातचं ते... ते काही आता मिळायचं नाही, पण त्यातल्या त्यात जवळचं करून दे मला. पुन्हा मागणार नाही."

 लेकीनं वही बॅगेत टाकली ते मी पाहिलं.

निघताना घरात नेहमीचा गोंधळ. लेकीला पाच महिन्यांचं बाळ, त्याचे कपडे, बाटल्या, छत्री. जावयांनी काचेचा शेकर दोन टॉवेलांत गुंडाळला आणि सोफ्यावर ठेवला, विसरू नये म्हणून अगदी समोर. तो सोफ्यावरच राहिला. मी मात्र सुयांसकट आईच्या पिशवीत होतो. हसलो नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

खोली तीच होती. भिंतींना नवा रंग, कठडा तोच. बाळानं प्रवासभर आणि नंतर दुपारभर आकांत मांडला होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते एकदाचं झोपलं. जावई पाळण्याशी बसून ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटावत होते. लेकीनं सुया काढून मला धुतलं. मोजपात्र, जिन, लिंबू, पाक, चार चकत्या, सहा पानं, आठ खडे. झाकण लावून तिनं मला उचललं आणि एक हिसका दिला.

पाळण्यातून कुरकुर आली. जावयांनी हात जोडले. "बाई गं, बाहेर जा. लांब जा."

लेकीनं झाकणाला रुमाल बांधला, मला छातीशी धरलं आणि पायऱ्या उतरली.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. गल्ली ओळखीची होती. न्हाव्याच्या दुकानात आता त्याचा मुलगा उभा होता. जाळी दुरुस्त करणाऱ्यांपैकी एकच भाऊ उरला होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"खुळखुळेवाल्यांची ना तू?"

"हो," ती म्हणाली आणि मला झुलवत पुढे गेली. तिचा अंगठा पोच्यात बसला होता. धक्क्याच्या टोकाला तिनं पंधरा मोजले, खांबाला हात लावला, थोडा वेळ तिथंच थांबली. माझ्या पोटात खडे वितळत होते आणि मी मनात म्हणत होतो, घाई करू नकोस पोरी, सावकाश ये.

वर आल्यावर तिनं ओतलं. आईनं पाय कठड्यावर टाकले होते. घोट घेतला आणि डोळे मिटले.

खूप वेळ उघडलेच नाहीत.

"आई?"

"काय घातलंस यात?"

"वहीतलंच. जास्त काही नाही."

"मग केलंस काय?"

"काही नाही गं. बाळ उठलं असतं, म्हणून धक्क्यापर्यंत घेऊन गेले."

आईनं ग्लास उजेडात धरला. आत बर्फाचे वाटाणे तरंगत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली गल्लीकडे, मग माझ्याकडे. टपालाच्या काउंटरवर तीस वर्षं लोकांचे चुकलेले पत्ते जुळवलेली बाई ती, तिला वेळ लागला नाही.

"पाणी," ती म्हणाली. "अगं, नुसतं पाणी होतं ते. चालून चालून बर्फ वितळायचा." आणि ती हसायला लागली. "एकतीस वर्षं लिंबं बदलत बसला हा माणूस." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला तिनं माझ्या झाकणाचा रुमाल घेतला. "त्यांना कळायला हवं होतं गं. किती खूश झाले असते."

लेकीनं वही आणली. एकोणिसाव्या प्रयोगाच्या निष्कर्षापुढे तिनं लिहिलं, 'धक्क्यापर्यंत जाऊन येणे.' आईनं वाचलं आणि म्हणाली, "सावकाश, असं घाल मधे."

आता मी ओट्यावर असतो, हाताशी. सुयांना दुसरा डबा मिळाला. काचेचा शेकर कपाटावर आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच मागणं आहे, त्याला घेऊन जरा चालून या. आणि त्याला पोचा असेल तर ठोकून सरळ करू नका.

परतायच्या आदल्या दिवशी काय झालं तेवढं सांगतो. बाळ जागं होतं, खेळत होतं, आवाजाची भीती कुणालाच नव्हती. तरी आईनं माझ्या झाकणाला स्वतः रुमाल बांधला.

"मी जाऊ का?" लेकीनं विचारलं.

"नको. आज मी जाते."

एका हातात मी, दुसऱ्या हातात काठी. प्रत्येक होडीपाशी ती थांबली. खांबापाशी तर बराच वेळ बसली, मला मांडीवर घेऊन. आम्ही परत आलो तेव्हा माझ्या पोटात एकही खडा उरला नव्हता. पेय अगदी पाणचट झालं होतं. सगळ्यांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि छान आहे असं कुणीही म्हणालं नाही.