तीन मिनिटांची वाफ

मित्रांनो, मी नऊ वर्षांचा वाफेचा ओव्हन आहे. यंत्रांमध्ये हे वय म्हातारपणाचं. माझ्या पाठीच्या पत्र्याला एक पोचा आहे, दाराची काच एका कोपऱ्यात पिवळी पडली आहे, आणि मी बरा झालो म्हणून एका बाईचं घर सुटलं. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही दिसतात. तिसरी मलाच सांगावी लागेल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकाने माझा पत्रा वाकवला, दुसऱ्याने तारा जोडल्या, तिसरीने माझ्या पाठीमागे वाटीएवढा बॉयलर बसवला. बाजूच्या डब्यातून पाणी थोडं थोडं तिथे येतं, तळाचा हीटर ते तापवतो, आणि त्याची वाफ माझ्या पोटात ठेवलेलं अन्न शिजवते. चाचणीत मी तीन मिनिटांत वाफ दिली. पाठीवर शिक्का घेऊन बाहेर पडलो.

मला विकत आणलं ते आजोबांसाठी. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी मऊ, वाफवलेलंच खायला सांगितलं होतं. घरात त्यांचा मुलगा, सून आणि लहान नात. मुलगा आणि सून सकाळी आठला कामावर जात. मग भरवणार कोण? आजोबांच्या मुलीला बोलावलं. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. दादाने बोलावलंय म्हटल्यावर तिने नोकरी सोडली, खोलीही सोडली. भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळं घरच तिला आत्या म्हणू लागलं.

माझी माहितीपुस्तिका आत्याने दोनदा वाचली आणि तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका पेन्सिलीने सुधारल्या. पुस्तिकेतलं तिने तंतोतंत पाळलं. त्या भागातल्या पाण्यात क्षार फार. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि बॉयलरच्या तळाशी पांढरा थर धरतात. हीटरला जणू गोधडीत गुंडाळलं जातं. तो तापतो, पण ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी माझ्या कपाळावरचा नारिंगी दिवा लागतो. मग पाण्यात लिंबाचं सत्व विरघळवून ते माझ्यातून फिरवायचं आणि नंतर साध्या पाण्याने तीनदा धुवायचं. आत्या हे दर दोन महिन्यांनी करायची.

"माझ्यापेक्षा याचं पोट साफ असतं गं," आजोबा म्हणायचे.

डॉक्टरांनी आजोबांना दोन वर्षं दिली होती. ते सात वर्षं जगले. वहिनी, म्हणजे त्यांची सून, आल्यागेल्याला सांगायची, "या ओव्हनने बाबांना सात वर्षं काढून दिली." मला अभिमान वाटायचा. आत्या तेव्हा तिथेच चहाचे कप विसळत असायची.

आजोबा गेल्यावर दोन आठवड्यांनी वहिनी माझ्यासमोर उभी राहून दादाला म्हणाली, "बाबांचं झालं. आता हिचं काय करायचं?"

"राहू दे की थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती? पोरीला अभ्यासाला खोली नको? ही खोली अडवून बसलीय."

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर आत्या वाळलेले कपडे घेऊन उभी होती. ती पाऊल न वाजवता मागे फिरली.

त्याच आठवड्यात माझा दिवा लागला. त्या सकाळी वाफेला सात मिनिटं लागली. वहिनी चिडली. "आता डब्याच्या भाज्यांसाठी रोज याच्यासमोर कोण उभं राहणार?"

"मी राहते ना," आत्या पटकन म्हणाली. "मी लवकर उठत जाईन."

सगळे गेल्यावर ती लिंबाच्या सत्वाची पुडी घेऊन आली. बराच वेळ उभी राहिली. मग तिने पुडी परत ठेवली, काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि माझ्या दिव्यावर लावून अंगठ्याने दाबला. सात वर्षं मला धुणारा हात तो हाच.

सात मिनिटांची बारा झाली, बाराची एकोणीस, एकोणीसची सव्वीस. आत्या पहाटे उठून माझ्यासमोर स्टुलावर बसायची. भाची मोठी झाली होती, तिच्या मनगटावर सेकंद मोजणारं घड्याळ आलं होतं.

"ओव्हन सव्वीस मिनिटं, आत्या भांडं काढायला चार. आत्या जिंकली!"

सगळे हसायचे. आत्याही हसायची. दादा वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "दोघंही एकाच कारखान्यातली." वहिनी रागावली की 'वन्सं' म्हणायची. "वन्सं, डबे आजच्या आज मिळतील ना? खायला नाही लागत हो तुम्हाला इतका वेळ."

आत्या सगळं गिळायची आणि म्हणायची, "जुना झालाय तो, वहिनी. याच्याजवळ माणूस लागतं."

एका शनिवारी दादाने मेकॅनिकला बोलावलं. "कशाला? मी आहे की," असं आत्या दोनदा म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

मेकॅनिकने आधी माझा प्लग बघितला. "एवढ्या बारीक एक्स्टेंशनवर ओव्हन? बल्ब आहे का हा?" त्याने मला थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडलं. तीन मिनिटं कमी झाली. दादा खूश झाला. मेकॅनिक झाला नाही. त्याने दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. हलली नाही. "वाफ इथून जात नाही." पंप पाहिला, ठीक होता. मग प्लग काढून पाठीचा पत्रा उघडला आणि हीटरला मीटर लावला. "हीटर शाबूत आहे."

"जुनाच आहे हो तो," दारातून आत्या म्हणाली. "उगीच कशाला हात काळे करता?"

"जुना नाही मावशी, चोंदलाय." त्याने बॉयलरची नळी सोडवली. वर्तमानपत्रावर पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला. "दिवा नाही लागला?"

"याला दिवा कुठे आहे?" दादाने विचारलं.

मेकॅनिकने माझ्या कपाळावर नख फिरवलं. पट्टी निघाली. त्याने प्लग लावताच नारिंगी उजेड पडला.

"हा कोणी झाकला?"

दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने भाचीकडे. मग आत्या म्हणाली, "डोळ्यात यायचा."

"अहो, डोळ्यात यावा म्हणूनच दिलाय तो!" भला माणूस, मोकळेपणी हसला. दोन बटणं दाबून त्याने माझ्या पडद्यावरची नोंद वाचली. "चौदा महिने जळतोय."

"म्हणजे बाबा गेले तेव्हापासून," वहिनी म्हणाली.

दादा आत्याकडे वळला. "तुला येत होतं ना हे साफ करता?"

"येत होतं."

"मग?"

"मला वाटलं..." आत्या म्हणाली.

"आई, आत्याने मुद्दाम केलं?" भाचीने विचारलं.

"विचार तिलाच! चौदा महिने मी कामावर उशिरा पोचून बोलणी खातेय, आणि ही इथे स्टुलावर बसून आजाऱ्याची सेवा करतेय. आजारी पाडलाही हिनेच!"

मेकॅनिक खाली मान घालून मला धुवत राहिला. संध्याकाळी दादाने स्वतः बटण दाबलं. भाचीने घड्याळ धरलं. तीन मिनिटं दहा सेकंद.

"एवढंच असतं यात?" वहिनी म्हणाली. "हे तर मी दात घासता घासता करीन." आणि जेवताना, भाजी वाढता वाढता, तिने पुढचं सांगून टाकलं. "लांबच्या काकू पडून असतात. त्यांना माणूस हवंय. तिथे गरज आहे तुमची, वन्सं. इथे काय, बटण दाबलं की झालं."

आत्याने दादाकडे पाहिलं. दादाने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी आत्या निघाली. निघताना तिने वहिनीला दोन महिन्यांची सफाई समजावून सांगायला सुरुवात केली. वहिनी म्हणाली, "पुस्तकात असेल, वाचू." मग बाहेरच्या दाराशी उभी राहून आत्या म्हणाली, "येते मी."

यावर घरातल्यांनी "ये" म्हणायचं असतं. दादाने तोंड उघडलं होतं. नेमकी तेव्हाच माझी घंटी वाजली. बटाटे शिजले होते. तिघंही माझ्याकडे वळली. परत वळली तेव्हा दारात कोणी नव्हतं. मी पूर्वीसारखा आजारी असतो, तर अजून पाणीच तापवत बसलो असतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या ओव्हनला वेळ लागत असेल तर वायर बघा, रबर बघा, आणि दिवा लागला असेल तर त्याच दिवशी बॉयलर धुवा. आळस करू नका. पण घरात कोणी शोधून शोधून काम काढत असेल, नको म्हटलं तरी पहाटे उठत असेल, तर तिला घड्याळ दाखवू नका. तिला म्हणा, काही काम नसलं तरी तू इथेच राहायचं आहेस. हे म्हणायला मला तोंड नव्हतं. त्या घरात तीन तोंडं होती.