चिंचेचा बुंधा

वारंगा फाट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून हिरासिंगची आरा मशीन आहे. ती नवरा-बायको मिळून चालवायचे. हिरासिंग ट्रॉलीवर ओंडका बसवून करवतीच्या फिरत्या, दातेरी पट्ट्यावर ढकलायचा आणि पलीकडून कापून येणारी फळी शिला धरायची.

गेल्या दिवाळीपासून शिलाला एक गोष्ट खटकत होती. पाठीमागून हाक मारली तर हिरासिंग वळायचा नाही. फोनवर नुसतं ‘हां, हां’ म्हणायचा आणि समोरचा काय बोलला ते नंतर तिलाच विचारायचा. घरात हे चालून गेलं असतं, पण आऱ्यावर कानाचंच काम. पट्टा ढिला पडला, लाकडात खिळा लागला, की आधी आवाज बदलतो, डोळ्यांना मागाहून दिसतं. आणि पट्टा तुटून सुटला तर समोरच्याला बाजूला व्हायलाही सवड मिळत नाही. तिनं एकदा दवाखान्याचं सुचवलं. थंडीनं कान बसले असतील, म्हणून त्यानं विषय मिटवला. तेव्हापासून ती दोघांच्या वाटणीचं ऐकत होती. संध्याकाळी मशीन बंद झाली की तिची मान दगडासारखी झालेली असायची.

अशात डोंगरकडा गावचा भीमराज ट्रॅक्टरवर चिंचेचा भला मोठा बुंधा घेऊन आला. त्यांच्या गावातल्या बुद्धविहाराशेजारची चिंच वादळात उन्मळून पडली होती. व्यापारी जळणासाठी मागत होते, पण विहारात पोरं फरशीवर बसून अभ्यास करतात, त्यांना या लाकडाचं लांबलचक टेबल व्हावं, असं गावातल्या बायकांनी ठरवलं होतं. मधोमध जोड नको, एकच फळी हवी. बुंधा पाहून हिरासिंग खुलला. असं लाकूड आता येत नाही, म्हणाला. शिलानं मात्र आधी पट्ट्याकडे पाहिलं. जुनी चिंच लोखंडासारखी असते.

सालीकडचा भाग नीट निघाला. मग त्यानं मधली, सगळ्यात रुंद फळी लावली. ती अर्ध्यावर आली नसेल तोच शिलाला ‘टक’ असं ऐकू आलं. पट्ट्याची फेरी झाली की पुन्हा टक. ती ओरडली. हिरासिंग ट्रॉली ढकलतच राहिला. तिनं हात वर केला, पण दोघांच्या मधे बुंधा होता. टक टक दाट होत गेलं. तिनं भीमराजला मागं सरायला खुणावलं, फळीचं टोक सोडलं आणि पळत जाऊन भिंतीवरचा खटका पाडला.

पट्टा मंद होत लाकडातच अडकून थांबला.

‘‘लाइट गेली का?’’ हिरासिंगनं विचारलं.

‘‘व्हय,’’ शिला म्हणाली. तिचा हात अजून खटक्यावरच होता. भीमराजनं तो पाहिला आणि नजर खाली वळवली.

हिरासिंग घाम पुसत पंख्याकडे गेला. पंखा फिरत होता. परत येऊन त्यानं चाक हातानं हळूहळू फिरवलं, पट्टा न्याहाळला. दोन दातांच्या मधून केसाएवढी चीर निघाली होती आणि पट्ट्याच्या निम्म्यापर्यंत पोचली होती.

‘‘आवाज येऊन राहिला व्हता?’’

‘‘व्हय. मी वरडले बी.’’

त्यानं त्या चिरेवर बोट ठेवलं. ‘‘मला न्हाई आला, शिला. मला लई दिवसापासून न्हाई येत.’’

भीमराज फोन काढून बाहेर गेला. झालं, आता हा बुंधा उचलून दुसरीकडे नेणार आणि गावभर सांगणार, असं शिलाला वाटलं. हिरासिंगलाही तेच वाटलं असावं, कारण तो पाठ करून खाली बसला. भीमराज परत आला तो तीन चहा घेऊन. माल न्यायला ट्रॅक्टर उद्या यायला सांगितला, म्हणाला, नवीन पट्टा बसला की फळी पुरी करा.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा बसला आणि ट्रॉली ढकलायला शिला उभी राहिली. एवढं मोठं लाकूड तिनं कधी ढकललं नव्हतं. हिरासिंग पलीकडे, तिचा चेहरा दिसेल असा उभा राहिला. तिच्या तळव्यांना इतका घाम सुटला की दोनदा दांडा निसटला. तिला वाटलं तिथं तिनं हात वर करून थांबवलं, तो फळी ओढायचा थांबला. फळी अखंड निघाली. काल पट्टा अडकला होता तिथं एक काळी रेघ राहिली. भीमराजनं त्या रेघेवरून हात फिरवला आणि ठीक आहे म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दोघं हिंगोलीला कानाच्या डॉक्टरकडे गेले. कानातलं यंत्र बोलण्यापुरतं उपयोगी पडेल, आऱ्याच्या गोंगाटात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिलाचे कान अजून शाबूत होते. पण तेच राखायचे तर मशीनवर असताना कानात बोळे घालायलाच हवेत, असं ते म्हणाले.

‘‘मग पट्टा कुनी ऐकायचा?’’ शिलानं विचारलं.

तिनं बोळे विकत घेतले. आता ती एकाच कानात बोळा घालून ट्रॉली ढकलते. सकाळी उजव्या, दुपारी डाव्या.