काढ्यातील सात बोरे

चीनमधील हफेई नगरातील एका वैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत थाओ शोउचंग एकोणीस वर्षे काढे उकळीत होता. कर्करोग झालेल्या उंदरांना केमोचे औषध टोचावे, अर्ध्यांना जोडीला काढा पाजावा, उरलेल्यांना नुसते पाणी, आणि कोणाचे वजन टिकते ते पाहावे, असा तेथील प्रयोगाचा क्रम होता. तीन वर्षे काढ्याच्या उंदरांचे वजन टिकले. वसंतात काढा उकळणारे यंत्र आले, थाओची मातीची मडकी फळीवर गेली, आणि तेव्हापासून काढ्याचे उंदीरही पाण्याच्या उंदरांप्रमाणेच वाळू लागले.

ज्या रुइलानचा प्रबंध या वजनांवर उभा होता, ती एके सकाळी त्याच्यापाशी येऊन बसली.

"थाओ काका, रागावणार नसाल तर विचारते. तुमच्या मडक्यात असं काय होतं, जे यंत्रात नाही?"

"बोरं," थाओ म्हणाला. "तांबडी, वाळलेली. दर मडक्यात सात."

"कृतीच्या कागदावर बोरं नाहीत."

"कागदाला काढा प्यावा लागत नाही, पोरी."

"उंदरांनी तक्रार केली होती का, कडू लागतो म्हणून? आपण नळीने थेट पोटात सोडतो. जिभेला लागतच नाही."

"ठाऊक आहे. हात थांबला नाही."

रुइलानने चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा पुसला. "तीन वर्षं, काका. आणि मी माझ्या गाईड मॅडमना सांगत होते, यंत्रच बिघडलंय."

वस्तुतः ती बोरे फंगयिंगची होती. थाओच्या या पत्नीस केमो चालू असताना वैद्यांनी हाच काढा सांगितला होता, एवढे प्रयोगशाळेत सर्वांस ठाऊक होते. तो पोटात ठरेना, तेव्हा थाओने त्यात सात बोरे टाकली, आणि ठरला. तीन महिने सांगितलेली फंगयिंग अकरा महिने जगली. तिच्या पश्चात त्याने उंदरांच्या मडक्यांतही बोरे टाकली. ते आठ महिने काढ्याने दिले, ही एकच गोष्ट त्याने आजवर जपून ठेवली होती. आता ती तपासली जाणार, हे त्यास कळले. तथापि मनात काही हलले नाही.

रुइलानने उंदरांचा नवा गट केला, नुसत्या बोरांच्या पाण्याचा. ते पाणी थाओनेच उकळले. पाच आठवड्यांनी तिने वजनांचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला.

"बोरांच्या उंदरांचं टिकलंय. यंत्राच्या काढ्याचं नाही."

"म्हणजे काढा नव्हता तो."

"वजनापुरतं म्हणतेय मी. काकूंचं त्यावरून सांगता येत नाही. उंदीर आहेत हे."

"तू म्हणतेस ते बरोबर असेल," थाओ म्हणाला. "प्रबंधाचं काय?"

"पहिल्यापासून. मॅडमनी दोन दिवस सगळे तक्ते पुन्हा तपासले. आज म्हणाल्या, म्हाताऱ्याला विचारून बोरं कागदावर चढव."

त्याप्रमाणे बोरे कागदावर चढली: दर मडक्यास तीस ग्रॅम. सोमवारी थाओने मडकी खाली उतरवली आणि सात बोरे मोजून काट्यावर ठेवली. काटा बत्तीस दाखवू लागला. त्याने एक बोर काढले, सुरीने मधोमध कापले, आणि एक तुकडा परत ठेवला. तीस झाले. उरलेला तुकडा त्याने तोंडात टाकला. मग मडक्याखाली जाळ लावला आणि वहीत वेळ लिहिली.