भाऊजींचा नकार

या, असे जवळ या. मागं बसलेल्यांनी पुढं सरका, दाराशी वारा फार आहे. आज तुम्हाला एका नकाराची गोष्ट सांगायची आहे. नकार देणारा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर मधेच तुम्ही त्याच्यावर रागवाल, आणि शेवटी तुमची तुम्हालाच चुटपुट लागेल.

एका रस्त्याच्या वळणावर बूट-चपला दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढं गल्ला आणि काम, मागं दोन खोल्या आणि फरशीचं अंगण, वर पोटमाळा. दुकान थोरल्या भावानं थाटलेलं. तो भर उमेदीत गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं आणि धाकट्या भावानं मिळून ते चालू ठेवलं. वहिनी शिवणयंत्रावर बसत, भाऊजी टाचा ठोकत. वहिनी मागच्या खोल्यांत राहत, भाऊजी पोटमाळ्यावर. इतकी वर्षं गेली की गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणू लागली. लग्न का केलं नाही, असं कुणी भोचकपणे विचारलंच, तर उत्तर वहिनी द्यायच्या. म्हणायच्या, लोकांच्या जोड्या सांभाळता सांभाळता यांची राहून गेली. भाऊजी तोंडात खिळे धरून बसलेले असत, त्यामुळे त्यांना हसता यायचं नाही आणि रागावताही यायचं नाही.

एका वर्षी वहिनींना रक्ताचा आजार निघाला. पानगळीचा सगळा काळ त्यांनी दवाखान्याच्या खाटेवर काढला, भिंतीकडं तोंड करून. खिडकी होती, पण ती शेजारच्या बाईच्या वाट्याला आलेली. भाऊजी रोज दुकान बंद करून जात. वहिनी विचारायच्या, झाडं पिवळी झाली का? हे म्हणायचे, झाली असतील, मी कुठं बघतो. लोकांच्या पायांकडं बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला झाडांचं काय विचारता?

पुढच्या वर्षी देवाची कृपा झाली. पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि सांगितलं, आजार मागं हटलाय. गेला असं मी म्हणत नाही, हटलाय. भाऊजींनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं आणि डॉक्टरांचे हात धरले. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. आणि येताना, भाजीवाल्याच्या दुकानामागं खोक्यात कुत्र्याची चार पिल्लं वळवळत होती, त्यातलं सगळ्यात आडदांड उचलून पदराखाली घेतलं.

भाऊजींनी वाटभर कुरकुर केली. अशक्तपणा आहे, घाण करील, चावेल. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानाची पायरी चढताना म्हणाल्या, "वर्षभर सगळ्यांनी मला शिस्तीत ठेवलं. वेळेवर गोळी, वेळेवर सुई, वेळेवर दिवा बंद. आता घरात एक तरी बेशिस्त जीव असू द्या, भाऊजी."

त्याचं नाव पडलं उंडग्या. हाक मारली की नेमका उलट्या दिशेला जायचा. दात येऊ लागले तसा तो टेबलाचे पाय कुरतडू लागला, आणि तिथं या दोघांनी जी चूक केली ती फक्त चामड्याचं काम करणाऱ्याच्याच घरात होऊ शकते. लाकूड वाचावं म्हणून त्यांनी त्याला जुन्या बुटाचा एक तुकडा चघळायला दिला. घरात रद्दी चामडं पोतंभर, त्याचं काय मोल? पण कुत्र्याच्या पिल्लाला जुनं आणि नवं कसं कळावं? त्याला एवढंच कळलं की या वासाचं जे जे काही या घरात आहे ते सगळं आपलं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा डावा बूट खाल्ला. जीभ आणि टाच तेवढी उरली. भाऊजींनी कपाळाला हात लावला आणि नवा डावा बूट घडवायला घेतला. घडवला तर तो इतका नवा दिसू लागला की उजवा शेजारी भिकाऱ्यासारखा वाटे. मग त्याला राख चोळ, दगडावर घास, तळहातानं मुरड घाल, असं करून एकदाचा म्हातारा केला. बाई आल्या, घालून चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, दुरुस्ती छानच झाली, विशेषतः डाव्या पायाला सुख वाटतंय. वहिनी यंत्रामागं खाली वाकल्या त्या, बाई जाईपर्यंत वर आल्या नाहीत. आजारानंतर त्या इतक्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

मग पानं पिवळी झाली. दुपारचा चहा झाला की वहिनी यंत्रावर झाकण घालायच्या आणि उंडग्याला घेऊन नदीकडच्या रस्त्याला लागायच्या. घेऊन कसल्या, तोच त्यांना ओढत न्यायचा. तिथं दुतर्फा उंच झाडं होती. झाडूवाल्यानं सकाळभर खपून पानांचे ढीग रचावेत आणि उंडग्यानं त्यांत शिरून ते सुरुंग लावल्यासारखे उधळावेत, हा रोजचा नेम. झाडूवाला म्हणायचा, बाई, मी यासाठीच पगार घेतो असं वाटायला लागलंय. एकदा तर दोरीसकट वहिनीही ढिगात गेल्या. घरी आल्या त्या केसांत पानं घेऊनच, गालांवर रंग चढलेला. भाऊजी रागवायला उठले आणि तो रंग बघून परत बसले.

अशाच एका संध्याकाळी, दोरा ओवता ओवता, वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "पुढंमागं मला काही झालं, तर उंडग्याला तुम्ही सांभाळाल ना?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

"का हो?"

"मला कुत्री आवडत नाहीत."

हे साफ खोटं होतं. आपल्या ताटातली अर्धी पोळी ते रोज टेबलाखाली सोडत. खरं कारण निराळं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. थोरला भाऊ अंथरुणावर असताना त्यानं यांचा हात धरून विचारलं होतं, हिला सांभाळशील ना? हे तेव्हा अगदी पोरसवदा. लगेच म्हणाले, हो. भावानं सुटल्यासारखा श्वास टाकला, कुशीवर वळला, आणि त्याच दुपारी गेला. तेव्हापासून भाऊजींच्या मनानं घेतलं होतं की त्या एका शब्दानं आपण दार उघडून दिलं. नाही म्हटलं असतं, तर तो काळजीनं का होईना, थांबला असता. आता जोवर वहिनींच्या मागं एक मुकं जनावर आहे आणि त्याला दुसरं कुणी नाही, तोवर वहिनींना जाता यायचं नाही. अडाणीपणा म्हणा हवं तर. पण ज्याचं माणूस खाटेवर असतं त्याचा देवाशी असाच काहीतरी हट्ट चाललेला असतो.

पुढच्या तपासणीला दोघं गेले. डॉक्टर या खेपेला कागद फार वेळ बघत बसले नाहीत. आजार परतला होता. थंडी पडली की पुन्हा दाखल करू, उपचार करू, पण आशा फार धरू नका, असं त्यांनी सांगितलं, आणि तोवरचे दिवस तुमचे आहेत, सुखानं घालवा, असंही.  घरी परतून दार उघडताच उंडग्यानं भाऊजींच्या टोपीवर झडप घातली आणि ती घेऊन तो पळाला. त्याला कुणी रागावलं नाही.

वहिनींनी पुन्हा विचारलं. भाऊजींनी पुन्हा नाही म्हटलं, आणि या वेळी उठून पोटमाळ्यावर निघून गेले.

मग वहिनी मुख्याध्यापिकाबाईंकडं गेल्या. बाईंच्या घराला मोठं अंगण होतं. बाई मनाच्या चांगल्या. म्हणाल्या, घेईन मी, पण माझ्याकडं मुलं येतात; बस म्हटलं की बसला पाहिजे, अंगावर उड्या नकोत, चावाचावी नको. वहिनींनी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू केली.

मागच्या अंगणात खुंटीला दोर बांधला. बस, बस, बस. उंडग्याला वाटे हा नवा खेळ, तो दोर चावायचा. दुपारचा चहा व्हायचा, पण वहिनी नदीकडं जायच्या नाहीत, अंगणात जायच्या. तिकडं सगळा रस्ता सोन्याचा झाला होता, गिऱ्हाइकं येऊन सांगायची. इकडं वहिनींच्या समोर अंगणाची उंच भिंत. त्यांचा आवाज बसला. एकदा त्यांनी हातातल्या बुटाच्या रबरी तळानं त्याला फटका दिला. तो यंत्राखाली जाऊन बसला आणि बाहेर येईना, तशा वहिनी जमिनीवर बसून त्याच्याकडं बघत रडल्या. भाऊजींनी टाच ठोकायची थांबवली नाही. ठोकायला टाच नव्हती, तरी ठोकत राहिले.

बाई परीक्षा घ्यायला आल्या. आश्चर्य म्हणजे बस म्हटल्यावर उंडग्या बसला. वहिनींनी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात त्याला बाईंचा डावा बूट दिसला, आणि पुढचं सांगायला नकोच. बाईंनी पाय सोडवून घेतला, फार सौम्यपणे म्हणाल्या की हे आपल्याला झेपेलसं वाटत नाही. वहिनींनी हात जोडले, आणखी आठवडाभर द्या म्हणाल्या. बाई नाही म्हणू शकल्या नाहीत. त्या गेल्या, आणि वहिनींनी भिंतीला धरून श्वास घेतला, पुन्हा दोर उचलला, आणि बसक्या आवाजात सुरू केलं, बस.

मागच्या दारात भाऊजी उभे होते. त्यांना दिसली ती भिंत. मागच्या वर्षी दवाखान्यात होती तशीच, आणि तिच्याकडं तोंड केलेल्या त्याच वहिनी. डॉक्टरांनी दिलेले दिवस असे एकेक करून चालले होते, आणि ते आजारानं नव्हे, आपल्या नकारानं चालले होते.

"वहिनी, तो दोर सोडा."

"बाईंनी आठवडा दिलाय."

"सोडा म्हणतो ना." भाऊजींनी कमरेचं फडकं सोडलं, हात पुसले, पुन्हा पुसले. "मी सांभाळीन त्याला."

वहिनी वळल्या. थोरल्या भावाच्या उशाशी त्या दुपारी त्याही होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, नकार कशासाठी होता तेसुद्धा.

"हो म्हणालात?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणालो."

"तुमच्या भावालाही म्हणाला होतात."

"ते पाळलं की नाही?"

"पाळलंत," वहिनी म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. तोंडावर पदर घेतला. भाऊजी शेजारी उभेच राहिले. सुटा झालेला उंडग्या दोघांमधून तीनदा गेला आणि आला.

थोड्या वेळानं भाऊजींनी भर दुपारी दुकानाची फळी लावली. गिऱ्हाईक दारात होतं, त्याला उद्या या म्हणाले. मग तिघं नदीकडं गेले, आणि पुढंही रोज गेले, झाडांवर पान असेपर्यंत. वहिनी ढिगांत बसायच्या, मूठमूठ पानं उंडग्याच्या अंगावर टाकायच्या. पुढं चालवेना तशी भाऊजींनी एक खुर्ची न्यायला सुरुवात केली. उंडग्याला कुणी काही शिकवलं नाही.

थंडी पडली. वहिनी दाखल झाल्या. झाडांना नवे कोंब आले तेव्हा त्या नव्हत्या.

आता त्या रस्त्यावर एक म्हातारा माणूस दोरीला लोंबकळत कुत्र्यामागून ओढला जाताना लोकांना दिसतो. पोरं हसतात. दुकानात गिऱ्हाइकांचे बूट उंच फळीवर ठेवलेले असतात आणि यंत्रावर झाकण असतं.

तुम्ही आज निजण्याआधी हात जोडाल तेव्हा वहिनींसाठी दोन शब्द मागालच, ते सांगायला नको. पण त्या दोन शब्दांच्या मागोमाग, ज्यांनी आपलं माणूस जाईल हे ठाऊक असून हो म्हटलं, त्या भाऊजींची आठवण ठेवा. तेवढं कराच.