मी पुसलेले सहा पंतप्रधान

जरा नाकावर रुमाल धरा, मी बोलणार आहे. मी एक डस्टर. तोंड उघडलं की धूळ उडते, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म रिछाईच्या औद्योगिक वस्तीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पाठ लाकडाची, पोट दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं. भावंडं शाळांमध्ये गेली आणि मी घमापूर मोहल्ल्यात चंद्रशेखर सरांच्या घरी आलो. या गोष्टीला दहा वर्षं झाली. सर तेव्हा रांझीच्या सरकारी कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत सामान्य ज्ञानाचा क्लास काढून बसले होते. रेल्वे, पटवारी म्हणजे तलाठी, पोलीस, जी परीक्षा म्हणाल ती.

फळा म्हणजे भिंतीलाच काळा रंग दिलेला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात सरांनी नथ्थू पेंटरकडून पांढऱ्या तेलरंगात चार ओळी लिहून घेतल्या. वर मथळा, 'जो कभी नहीं बदलता'. खाली राष्ट्रीय पक्षी, सर्वांत उंच शिखर, माणसाच्या शरीरातली हाडं आणि ब्रिटनचे पंतप्रधान.

"सर जी, ये भी पक्के पेंट से?" नथ्थूने ब्रश थांबवून विचारलं होतं.

"अरे भैया, इंग्लैंड है. वहाँ सब कायदे से चलता है," सर म्हणाले.

रंग धड वाळलाही नसेल, तोच तिकडे मतदान झालं. युरोपबरोबर राहायचं की नाही? लोक म्हणाले, नाही. पंतप्रधान म्हणाले, मग मीपण नाही. नथ्थूला टर्पेंटाइन घेऊन परत बोलावलं गेलं, त्याने ते माझ्यावर ओतून नाव पुसलं, आणि माझ्या कोऱ्या पोटावर आयुष्यातला पहिला डाग पडला. मोराला आणि एव्हरेस्टला काही झालं नाही.

दुसऱ्या एक बाई आल्या. सरांनी त्यांचंही नाव तेलरंगातच लिहायला लावलं. का, तर मागे तिकडे एक बाई अकरा वर्षं टिकली होती. सरांच्या घरात सासू, आई, बायको अशा सगळ्याच बाया भक्कम, म्हणून त्यांचा अनुभव तसाच. या बाई तीन वर्षांत गेल्या. पुन्हा टर्पेंटाइन. नथ्थू म्हणाला, "सर जी, उधर वालों से पूछकर ही बुलाया करो मेरे को." तिसऱ्यापासून सर खडूवर आले.

चौथ्या बाईंचं तर मला तोंडही आठवत नाही. गणपतीत लिहिल्या, दिवाळीत पुसल्या. विरोधकांनी नाही हो, त्यांच्याच पार्टीने घालवल्या. पाचव्यांचं नाव आपल्याकडचं होतं, तेव्हा सरांनी सगळ्या क्लासला खोव्याची जलेबी खाऊ घातली. खाल्लेले हात पोरांनी मला पुसले. तो चिकटपणा अजून आहे.

तोवर क्लासात एक रीत पडून गेली होती. वहीत सगळं पेनने लिहायचं, ब्रिटनचा पंतप्रधान तेवढा पेन्सिलीने. नवीन पोरांना हे सांगण्याचं काम एकताकडे. एकता म्हणजे पटवारीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारी, पहिल्या बाकावरची. "भारत पेन से, ब्रिटेन पेन्सिल से, रबर साथ में," असं ती सांगायची.

मग सहावे आले. पार्टीच बदलली. सरांनी फळ्यावर गोल काढून दाखवलं, मतं तिसरा हिस्सा आणि खासदार जवळजवळ दोन तृतीयांश.

"सर, ये तो सेटिंग है," एकता म्हणाली.

"सेटिंग नाही बेटा, कायदा आहे. एकेका जागेवर ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो जिंकला. बाकीच्यांची गेली पाण्यात." सर खुशीत होते. "आता पाच वर्षं काही हलत नाही."

या खुशीतच त्यांनी ती चूक केली.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचं, अक्षतचं लग्न झालं. सून आली, शरयू. बोलायची कमी, बघायची जास्त. घरात सत्यनारायण होता. अक्षत बरेच दिवस एकच गोष्ट लावून राहिला होता की फळा काढा, मोठा स्क्रीन लावा, इंदूरच्या मोठ्या क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चरं दाखवा. "बाबा, तुम्ही नुसतं बसायचं. आराम."

सर आराम या शब्दाला फार भितात. प्रसादाचा शिरा हातात होता, समोर पाहुणे. ते म्हणाले, "या फळ्यावर ब्रिटनच्या पंतप्रधानाचं दुसरं नाव लिहायची वेळ आली, तर त्या दिवशी आण तुझा स्क्रीन. मी खडू ठेवून देईन."

"पक्कं?"

"पक्कं. शिरा हातात आहे."

कुसुमबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःच्या दारचं सोडून लंडनची शपथ काहून घेऊन राहिले?"

आता माझा विचार करा. स्क्रीनला डस्टर लागत नाही. पाच पंतप्रधान मी हसत पुसले होते. सहाव्यांसाठी मात्र मी देव पाण्यात ठेवले.

आणि तिकडे एक दिवस धड जाईना. सरांना मोतीबिंदू, म्हणून सकाळी क्लासच्याच खोलीत पोह्यांबरोबर शरयू पेपर वाचून दाखवायची. पंतप्रधानांवर त्यांचीच माणसं नाराज. जुन्या दोन्ही पार्ट्या खाली, काल आलेली पार्टी सर्व्हेत वर. या बाकावरचा खासदार त्या बाकावर. एक नवी पार्टी निघाली, तर तिचं नावच ठरेना. वाचता वाचता शरयू मधल्या दोन-तीन ओळी गाळायची, हे फक्त मला दिसायचं. तरी सर निम्मे पोहे ताटात ठेवून उठायचे.

बाथरूममधून अक्षत ओरडायचा, "गेले का?"

"नाही अजून," शरयू म्हणायची.

"आज-उद्या जातातच बघ."

आठ दिवस हे ऐकून शेजारच्या वसुधाताई नारळपाणी घेऊन आल्या आणि हळू आवाजात विचारू लागल्या, "कोण सीरियस आहे हो?"

"लंडनचे आहेत," कुसुमबाई म्हणाल्या. "द्या इकडे नारळपाणी, आमच्या यांनाच पाजते."

मग तो रविवार आला. परीक्षा पंधरा दिवसांवर. अक्षतने स्क्रीनचा माणूस बोलावून ठेवला होता आणि तो टेप लावून भिंत मोजत होता. शिकवत होते सर, पण खडू त्यांच्या हातात नुसता फिरत होता. एकताने हात वर केला.

"सर, एग्ज़ाम पास है. इस बार पेन से लिख लें?"

सर फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत होते, जणू पाहुणा निघाला आहे आणि 'बसा' म्हणता येत नाही.

शरयू चहा घेऊन आली होती. तिने ट्रे बाकावर ठेवला, मला उचललं आणि ते नाव एका झटक्यात पुसून टाकलं.

"अरे! गेले?" अक्षतने उडीच मारली.

"माहीत नाही."

"मग पुसलं काहून?"

शरयूने खडू घेतला आणि त्या जागी लिहिलं, 'ब्रिटेन के प्रधानमंत्री: आज का अख़बार देखकर आएँ.'

एकताने पहिली टाळी वाजवली.

"फाउल! हा फाउल आहे!" अक्षत म्हणाला. "असं तर दुसरं नाव कधीच लिहावं लागणार नाही."

"हो ना," शरयू म्हणाली, आणि चहा वाटायला लागली.

अक्षत आईकडे वळला. कुसुमबाई दारात उभ्या होत्या. "माझ्याकडे काय बघतोस? शिरा मीच केला होता, शब्दही मीच ऐकले. 'दुसरं नाव' म्हणाले होते तुझे बाबा. हे नाव आहे का कोणाचं?" मग टेपवाल्याकडे वळून, "भैया, चाय पियो और फीता समेटो."

सर खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चलो बच्चो, बताओ. आज का अख़बार किस किसने पढ़ा?" एकही हात वर झाला नाही. सरांनी मला उचललं आणि शेवटच्या बाकाकडे भिरकावलं. नेम नेहमीसारखा चुकला. खिडकीच्या गजावर आपटून माझी एक कड गेली, पण इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता क्लासचा पहिला प्रश्न रोज तोच असतो आणि पोरं खरंच पेपर वाचून येतात. पाच दिवसांपूर्वी नथ्थूला बोलावून शरयूची ती ओळ तेलरंगात पक्की केली. नथ्थूने दोनदा वाचली. "सर जी, ये नहीं बदलेगा?"

"नहीं भैया. ये नहीं बदलेगा."

म्हणजे त्या कोपऱ्यात माझं काम संपलं. मी खाली नद्या, राजधान्या आणि टक्केवारी पुसत असतो. पण एक गोष्ट मनात राहिली आहे. आधीच्या पाचांना मी पुसलं ते गेल्यावर. हे सहावे त्या सकाळी खुर्चीत बसलेले होते, त्यांना कल्पनाही नसेल की घमापुरात एका सुनेने त्यांना चहा गार होऊ नये म्हणून घाईघाईने पुसून टाकलं. माझ्याकडून काही आगळीक झाली असेल तर माफी असावी.

बाकी तुमचं तुम्ही चालू द्या, लंडनच्या मंडळींनो. पडा, पाडा, पार्ट्या बदला. तुमचा रात्रीचा कार्यक्रम फक्त आमचा पेपर छापायच्या आत उरकत जा. आमचा क्लास सातला भरतो, आणि एकता आता ब्रिटनही पेनने लिहिते.