दुपारची वाळू

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. माझ्या अंगावर बारीक खड्डे आहेत. ते वयामुळे पडलेले नाहीत. ते कसे पडले हे सांगताना मला आजही मान खाली घालावीशी वाटते, पण सांगते.

आयर्लंडमधल्या लिमरिक शहराबाहेर ख्रिस्टीआजोबांच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. त्याआधी मी त्यांच्या गोठ्याच्या फाटकाला अडसर म्हणून लागत होते. आजोबांनी शेती सोडली, गाई विकल्या आणि मला घासून टोक काढलं. वर आडवी मूठ बसवली. एका जुन्या वजनकाट्याची स्प्रिंग आणि काटा जोडला. मला वाळूत दाबलं की वाळू किती घट्ट आहे ते काटा सांगे.

मला बनवलं ते शेजारच्या वसुधासाठी. वसुधा नागपूरची, इथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मोजमाप तपासण्याचं काम करते. पश्चिमेच्या एका लांब समुद्रकिनाऱ्यावर दरवर्षी ओहोटीच्या वेळी वेगाच्या गाड्यांची शर्यत भरते. सरळ रेषेत एकेक गाडी सोडायची आणि तिचा वेग मोजायचा. वाळू कुठे मऊ असेल तर चाक रुततं आणि गाडी उलटते. क्लबची माणसं पूर्वी बुटाची टाच आपटून वाळू बघत. आजोबांनी त्यांना सांगितलं, मोजायचं काम करणारी बाई माझ्या शेजारी राहते, तिला विचारा.

ती माझी सुखाची वर्षं होती. वसुधा सकाळी ओल्या वाळूवरून चालत जाई आणि ठिकठिकाणी मला दाबून काटा बघे. क्लबच्या प्रमुख नोरीनबाई तिचं ऐकल्याशिवाय एकही गाडी सोडत नसत. घरी आल्यावर वसुधा मला गोड्या पाण्याने धुवून तेलाच्या फडक्याने पुसे. खारं पाणी लोखंडाला खातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आजोबा त्याच शेडमध्ये एक गाडी बांधत होते. लांब, बुटकी, हिरवी. दरवर्षी तिचं काहीतरी राहून जाई. वसुधाची मुलगी ईशानी तिच्यात बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढी. अखेर एका वर्षी गाडी पूर्ण झाली आणि आजोबा ती घेऊन किनाऱ्यावर आले. त्या दिवशी त्यांनी नवा स्वेटर घातला होता.

त्या सकाळी वसुधाने मला दाबलं. सुरुवातीला वाळू छान घट्ट होती. पण जिथे गाड्या ब्रेक लावतात त्या टोकाला मी सर्रकन आत गेले. वर साय आणि खाली दूध, तसं होतं ते. तिने पुन्हा दाबलं, बाजूला सरकून पुन्हा दाबलं. मग नोरीनबाईंकडे जाऊन म्हणाली, "आज नाही. टोकाला वाळू धरत नाहीये."

कोणी वाद घातला नाही. आजोबांनी हिरव्या गाडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि "ग्रँड" एवढंच म्हणाले. इथली माणसं बरं वाटत नसलं तरी ग्रँड, म्हणजे छान, असंच म्हणतात.

दुपारी ऊन पडलं आणि कोरडं वारं सुटलं. समुद्र अजून लांब होता. माणसं सामान आवरत होती. तेवढ्यात घोडा वाहून नेणारा ट्रेलर ओढत एक ट्रॅक्टर बरोबर त्या टोकावरून गेला आणि त्याच्या चाकांचा नुसता पुसटसा ठसा उमटला. कोणीतरी हसलं. वसुधाने ते पाहिलं. मी तिच्या गाडीच्या डिकीत होते आणि डिकी उघडी होती. तिचा हात माझ्या मुठीपर्यंत आला. मला वाटलं, आता पुन्हा वाळूवर जायचं. पण हात मागे गेला आणि डिकी बंद झाली.

घरी तिने मला धुतलं नाही. तशीच खारट, ओली मला जिन्याखालच्या कपाटात टाकली आणि दार लावलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मोडक्या छत्र्यांच्या शेजारी मी उभी राहिले आणि हळूहळू गंजत गेले.

त्या हिवाळ्यात आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला, पाय ओढत चालू लागले. आता गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वसुधा त्यांच्यासाठी उपमा करी, खिचडी करी, पण डबा नवऱ्याच्या, परेशच्या हाती पाठवी. आजोबा फाटकाशी उभे दिसले की ती मागच्या दाराने निघे. कपाटाच्या दाराआडून मी परेशला बोलताना ऐकलं, "अगं, एकदा जाऊन तरी ये." ती म्हणाली, "कुठल्या तोंडाने जाऊ?"

मग एक दिवस ईशानी शाळेतून येऊन तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली की ख्रिस्टी सळई मागतोय. वसुधाला कपाट उघडावंच लागलं. माझ्याकडे बघून ती तिथेच जिन्यावर बसली. भांड्याच्या घासणीने तिने मला घासायला घेतलं. लाल पाणी तिच्या बोटांवरून ओघळलं, गंज काही निघाला नाही. तशीच मला घेऊन ती शेजारी गेली.

आजोबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला मांडीवर घेऊन उजव्या हाताचा अंगठा माझ्यावरून फिरवला. गंजाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

वसुधा म्हणाली, "सकाळी वाळू खरंच मऊ होती."

"होतीच," आजोबा म्हणाले.

"पण दुपारी मी बघितलं नाही. घट्ट निघाली असती तर सगळ्यांसमोर मी चुकले असं झालं असतं. म्हणून नाही बघितलं."

आजोबांनी माझी मूठ धरली. मग म्हणाले, "मी तुझ्या गाडीपर्यंत आलो होतो. पुन्हा एकदा बघ, असं म्हणणार होतो. तुझा चेहरा पाहिला आणि मागे फिरलो. स्वतःच्या गाडीसाठी विचारतोय असं तुला वाटेल, याची लाज वाटली."

चूक कुणाची जास्त, हे दोघांनीही ठरवलं नाही. मग आजोबांनी तिला खणातून पॉलिश पेपर काढायला सांगितला. तिने मला धरलं आणि ते एका हाताने घासत राहिले. गंज निघाला. खड्डे राहिले.

यंदा शर्यत पुन्हा भरली. हिरवी गाडी नोरीनबाई चालवणार होत्या. आजोबा पायांवर शाल घेऊन वाळूच्या टेकडीपाशी बसले होते. सकाळी टोकाला मी पुन्हा आत गेले. वसुधा म्हणाली, "आत्ता नाही. दुपारी परत बघून सांगते."

दुपारी ती सगळ्यांदेखत पुन्हा चालत निघाली. मलाही धास्ती वाटत होती. तिने दाबलं आणि मी पुन्हा आत गेले. तिने आणखी लांब जाऊन पाहिलं. तिथेही तेच. मग ती आधी आजोबांकडे गेली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "अजूनही मऊ आहे. आज होणार नाही." आजोबांनी मान हलवली आणि शेजारची घडीची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली.

मित्रांनो, हत्यारं वापरून झाली की धुवा, पुसा, ओली ठेवू नका. आणि आम्हाला एकदा विचारलं म्हणून पुन्हा विचारायला लाजू नका. उत्तर बदललं तर थोडं हसं होईल, तेवढंच. मला पुष्कळजण विचारतात की त्या वर्षी दुपारी वाळू कशी होती, आजोबांची गाडी धावली असती का? मला सांगता येत नाही. मला तिथे कोणी नेलंच नाही.