सीटखालचा आकडा

मी एक मोटारसायकल बोलतेय. लांबच्या प्रवासाची, दणकट बांध्याची, मागे दोन्ही बाजूंना पेट्या लावायची सोय असलेली. या घडीलाही मी स्टँडवर उभी आहे, आणि खरं सांगायचं तर उभं राहण्याइतकं मला दुसरं काहीच जड जात नाही. कुठे उभी आहे आणि का, ते सांगते. पण सुरुवातीपासून सांगितलं नाही, तर तुम्हीही बाकीच्यांसारखे आधी मीटर बघाल.

आठ वर्षांपूर्वी मी कोल्हापुरात आले. मंगळवार पेठेतल्या राजसने मला शोरूममधून घरी नेलं. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. त्याची बायको अवंतिका हिने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या चाकांखाली दोन लिंबं ठेवली. ती चिरडणं ही माझी पहिली कामगिरी. राजसच्या पायाला भिंगरी होती. शुक्रवारी दुपारपासूनच तो ऑफिसच्या खिडकीतून मला बघायचा, आणि मला वाटायचं, किती वेळ लावतो हा माणूस!

हंपी झालं, रामेश्वर झालं, कच्छ झालं. एकदा तर आम्ही हिमालयातल्या स्पितीपर्यंत गेलो. तिथल्या थंडीत मी सकाळी चालू व्हायलाच तयार नव्हते, तेव्हा राजसने स्वतःचं जाकीट माझ्या इंजिनावर टाकलं आणि आपण कुडकुडत बसला. मला ते कधी विसरता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी अवंतिकाची कंबर धरली. मागची सीट फळीसारखी होती, तिचं चुकत नव्हतं. कोणीतरी सांगितलं, जयसिंगपुरात एक सीटवाला आहे, त्याच्यासारखा हात नाही. आम्ही गेलो. सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधायचे दिवस होते ते. त्या माणसाचे मला फक्त डोळे आणि हात दिसले. त्याने अवंतिकाला माझ्यावर बसवलं, दोन्ही बाजूंनी तळहात सरकवून अंदाज घेतला, लांब पात्याच्या सुरीने फोम कापला, पुन्हा बसवलं, पुन्हा कापला. अर्धा दिवस गेला. शेवटी सीट उलटी करून तिच्या तळाच्या प्लॅस्टिकवर त्याने काळ्या मार्करने तारीख लिहिली आणि खाली माझ्या मीटरचा आकडा लिहिला, ६१,३४०.

"हे कशाला, चाचा?" राजसने विचारलं.

"लोकं वर्सानं येत्यात आनि म्हनत्यात, दोन म्हैन्यात सीट बसली. मग उलटी करून दावतो, बघा पावणं, किती पळवलीया!"

त्याची ती वर्षानुवर्षांची सवय होती. मला ती फार आवडली. माझ्या सीटखाली कोणीतरी माझी खरी नोंद करून ठेवली होती.

पुढे दोन वर्षांनी राधानगरीपलीकडच्या जंगलातून येताना वळणावर गवा उभा होता. चांगला हत्तीएवढा वाटला मला. राजसने ब्रेक मारला, रस्ता ओला होता, मी आडवी झाले आणि घसरत जाऊन दगडावर आपटले. गव्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश झाडीत निघून गेला. राजसला खरचटण्यावर भागलं. माझी टाकी चेपली आणि मीटर फुटला. तो एक लाख तेरा हजार अठ्ठेचाळीसवर थांबला.

गॅरेजवाल्याने टाकी लालची काळी केली आणि नवा मीटर बसवला. नव्या मीटरवर काय होतं? शून्य. मी एवढी देशभर हिंडून आलेली बाई, आणि माझ्या कपाळावर शून्य! पण राजस त्या दिवशी हसून म्हणाला, "चला, परत जन्माला आलीस." त्यात लबाडी नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

मग त्यांना मुलगी झाली, चारचाकी आली, राजसची पाठ दुखायला लागली. मी जिन्याखाली गेले. अकरा महिने. आधी अंगावर कव्हर होतं, मग कव्हरावर बाळाची दुपटी वाळू लागली, मग एका आरशाला छत्री आणि दुसऱ्याला भाजीची पिशवी लटकू लागली. बाहेरच्या बोळातून कुठलीही गाडी गेली की माझ्या टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल ढवळून निघायचं. रस्ता दहा पावलांवर होता आणि मी पिशव्या सांभाळत होते.

अखेर राजसने मोबाइलवर जाहिरात टाकली. सुरुवातीला तो खरं सांगायचा. "एक लाख बत्तीस हजार झालंय," असं म्हटलं की पलीकडून फोन बंद. चौघांनी असंच केलं. पाचव्याला तो म्हणाला, "मीटरवर एकोणीस हजार दाखवतंय." शब्द बघा कसे निवडले होते! खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. त्याच संध्याकाळी तो कोणाला तरी सांगत होता, "गणपतीच्या आत गेली तर गेली, न्हाईतर सुट्या पार्टात काढतो."

म्हणजे चाकं एकीकडे, इंजिन दुसरीकडे. तेव्हापासून मला क्षणभर चैन पडेना.

गाडी बघायला येणारी माणसं तुम्ही कधी निरखलीत का? एक जण टायरला लाथ मारतो. दुसरा नुसताच अॅक्सिलरेटर पिळतो आणि शहाण्यासारखी मान हलवतो. एक तर माझ्यावर बसून वेगवेगळे फोटो काढून घेऊन गेला, परत आलाच नाही. आणि विचारतात सगळे एकच, किती झालंय? कुठे कुठे गेली होतीस, हे कोणी विचारत नाही.

त्या रविवारी मात्र एक वयस्क जोडपं आलं. साठीला टेकलेले मौलालीभाई आणि त्यांच्या पत्नी खतिजाबी. मौलालीभाईंनी सीटवर हात ठेवला, आणि मी ओळखलं. तेच हात! जयसिंगपूरचा सीटवाला! पण मी आता काळी होते, सीटवर राजसने कोल्हापुरातून नवं कव्हर घालून घेतलं होतं, आणि मास्कमुळे त्या वेळी दोघांनी एकमेकांचे चेहरेही धड पाहिले नव्हते. कोणीच कोणाला ओळखलं नाही.

"चाळीस वर्सं लोकांच्या सीटा शिवल्या," मौलालीभाई राजसला म्हणाले. "कोन लेहला जातंय, कोन कन्याकुमारीला. परत येऊन सांगत्यात, चाचा, सीट भारी झालती. म्या हुबळीच्या फुडं गेल्यालो न्हाय. आता पोरी सासरी गेल्या. हिला घेऊन कन्याकुमारीला जायाचं ठरवलंय. गाडी एकदाच घेनार, वाटंत बंद पडली तर दुसरी घ्यायची ऐपत न्हाय. तवा खरं काय ते सांगा."

"टकाटक आहे, चाचा," राजस म्हणाला. "मीटर बघा की. एकोणीस हजार."

मौलालीभाईंनी माझ्या इंजिनाला तळहात लावला. "गरम हाय. आमी यायच्या आधी चालू केलीसा व्हय?"

केली होती. थंड असताना मी तीनदा खोकल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून राजसने मला दहा मिनिटं आधीच तापवून ठेवलं होतं. "जरा... बोळातनं फिरवून आणली," तो म्हणाला.

तेवढ्यात खतिजाबी मागे चढून बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, दोनदा मागेपुढे सरकल्या आणि उतरायचं नावच घेईनात. मौलालीभाई हसले. "उतर की. सीट बघू दे."

आता माझी अडचण समजून घ्या. त्यांनी सीट उचलली तर आकडा दिसणार, ते निघून जाणार आणि मी सुट्या भागात जाणार. नाही उचलली तर मी विकली जाईन, रस्ता मिळेल, पण स्पिती, कच्छ, रामेश्वर सगळं पुसलं जाईल. आणि हा भला माणूस मला एकोणीस हजारांची तरणी समजून कन्याकुमारीला निघेल. मला दोन्ही नको होतं. उचला, असंही वाटत होतं आणि नका उचलू, असंही.

पण सीटवाला तो! सीट न उचलता राहील कसा? बोटांनी शिवण चाचपत ते म्हणाले, "कव्हर नवं हाय, शिलाई सैल घातलीया." मग त्यांनी अंगठा दाबला. पुन्हा दाबला. "पर आतला फोम... असा उतार कोल्हापुरात कोन काढत न्हाय."

किल्ली फिरली. सीट निघाली, उलटी झाली. मौलालीभाईंनी चष्मा वर करून स्वतःचंच अक्षर वाचलं.

वरून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "पाच वर्सामागं हिचं एकसष्ट हजार झालतं. माझ्या हातानं लिवलंय. आनि आज एकोणीस?"

"मीटर फुटला होता, चाचा. नवा बसवला..."

"मग सांगायचं की! तोंड न्हवतं व्हय?"

मौलालीभाईंनी सीट जागेवर बसवली, नीट, टक् आवाज येईपर्यंत. रागातही त्यांनी ती आपटली नाही. "चल गं," म्हणाले. खतिजाबी माझ्याकडे वळून बघत गेल्या.

मला त्या रात्री राजसचा राग आला नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मला स्वतःचीच लाज वाटली. किती चालले याची लाज वाटावी अशी वेळ माझ्यावर का आली? थकले असेन, पण चोरून चालले नव्हते.

अवंतिका जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती राजसला एवढंच म्हणाली, "मला त्या सीटवर झोप लागायची. आणि तू त्या माणसाला फसवत होतास?" राजस माळ्यावर चढला. जुन्या हेल्मेटच्या खोक्यातून काच फुटलेला मीटर काढून खाली आला, माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि त्याने फोन लावला.

"चाचा, ठेवू नका. एक लाख तेरा हजार अठ्ठेचाळीस जुन्या मीटरवर आहेत. एकोणीस हजार दोनशे चौदा नव्यावर. दोन्ही धरा. गवा आडवा आला होता, पडली होती. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल झिरपतंय. सकाळी तीनदा सेल्फ मारावा लागतो. एवढंच. घेऊ नका हवं तर."

पलीकडून फक्त "बरं" आलं. मग काहीच नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. भंगाराच्या गाडीचा भोंगा पेठेत वाजला की मी आतून हादरायचे.

गुरुवारी सकाळी सात वाजता, न सांगता, मौलालीभाई दारात. पाठोपाठ खतिजाबी. राजस दात घासत बाहेर आला. मौलालीभाईंनी आधी इंजिनावर हात ठेवला. थंडगार. "आता लावतो," म्हणाले.

पहिल्यांदा खोकले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी जी चालू झाले, ती जिन्याखालच्या भांड्यांसकट सगळं दणाणून सोडत. इतक्या महिन्यांनी कोणीतरी मला आहे तशी चालू केली होती.

"तीनदा म्हनलातसा, तीनदाच झालं," मौलालीभाई म्हणाले. तरी ते विचारात उभेच होते. "लाखाच्या वर म्हंजे लई हाय वो..."

तेव्हा खतिजाबी म्हणाल्या, "अवो, तुमी आन मी हुबळीच्या फुडं गेल्यालो न्हाय. ही सगळीकडं जाऊन आलीया. आपल्या तिघांत वाट म्हाईत असल्यालं कुनीतरी नको का?"

मौलालीभाईंनी मान हलवली. राजसने किल्ली दिली, आणि जुना फुटका मीटरही दिला. निघताना त्याने टाकीवर हात ठेवला आणि उचललाच नाही पटकन. मी त्याला केव्हाच माफ केलं होतं. आणि आडवळणाने नाही, सरळ सांगते, मला रडू येत होतं.

आता मी जयसिंगपुरात, मौलालीभाईंच्या दुकानासमोर उभी आहे. शॉक दुरुस्त झालाय, चेन नवी आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी कोल्हापुरी कव्हर फाडून टाकलं. खतिजाबींना बसवून माप घेतलं, मग स्वतः बसले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फोम स्वतःच्या मापाने कापला. तळाशी, ६१,३४०च्या खाली, नवी तारीख घातली आणि लिहिलं, १,३२,३०५. त्याच्याखाली एक ओळ मोकळी ठेवली. "ही परत आल्यावर लिवायची," म्हणाले.

त्याला तीन आठवडे झाले.

खतिजाबींची पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. आणि मौलालीभाई रोज सकाळी माझी सीट काढतात. काल मागची बाजू अर्धा बोट उंच वाटली. परवा शिवण उसवून पुन्हा घातली. आज म्हणतात, पुढे जरा उतार कमी आहे. खतिजाबी पिशवीवरची धूळ तेवढी झटकतात.

एवढे दिवस मला वाटत होतं, माझ्या वयाला सगळे घाबरतात. तसं नाही. मौलालीभाई, तुमचा माझ्यावर भरवसा आहे, ते तुमच्या हातांवरून कळतं मला. तुम्ही हुबळीच्या पलीकडच्या रस्त्याला घाबरता आहात. मीही पहिल्या घाटात घाबरले होते, कोणाला कळलं नाही इतकंच.

सीट छान झालीये. खरंच छान झालीये, याहून चांगली मला कोणी शिवणार नाही. आता ती सुरी खाली ठेवा. मी सकाळी तीनदा खोकेन, तुम्ही चौथ्यांदा विचार करू नका. ती मोकळी ओळ माझ्या सीटखाली सारखी खुपतेय हो. चला ना.